वर्षानुवर्षं चालू असलेला सर्व्हर रिस्टार्ट करताना

एका पतसंस्थेतला सर्व्हर एका खोलीतून शेजारच्या खोलीत न्यायचा होता, बास, एवढंच काम. तीन वर्षं आठ महिने तो एकदाही बंद पडला नव्हता. रीतसर शटडाऊन केला, चार जणांनी सांभाळून उचलून नवीन रॅकमध्ये बसवला, बटण दाबलं आणि सहापैकी दोन हार्ड डिस्क फिरल्याच नाहीत. डिस्क रेड ५ नावाच्या पद्धतीने एकत्र जोडलेल्या होत्या, त्यामुळे एक गेली असती तर निभावलं असतं, दोन गेल्या म्हणजे सगळा ॲरेच, म्हणजे जोडलेला अख्खा संचच गेला. मॅनेजरसाहेब सारखं एकच म्हणत होते, "अहो, सकाळपर्यंत तर मस्त चालू होता ना!" आणि ते खरंच होतं. आदल्या रात्रीचा बॅकअप धड निघाला म्हणून लोकांची खाती वाचली, पण दोन दिवस काउंटर वही-पेनावर चालवावा लागला आणि रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना उद्या या म्हणून सांगायची वेळ आली. ते चेहरे मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी रिस्टार्ट कसा करायचा याची एक पद्धत ठरवली, ती इथे लिहितोय, ज्यांच्याकडे असे जुने डबे अजून चालू आहेत त्यांच्यासाठी.

आधी हे असं का होतं ते समजून घ्या, कारण ते कळलं की काय तपासायचं ते आपोआप सुचतं. चालू मशीनमधले बरेच भाग "चालू आहेत म्हणूनच चालू" असतात. फिरणारी डिस्क फिरती ठेवायला थोडा जोर पुरतो पण थांबलेली हलवायला बराच जास्त लागतो, साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या लाइनवर साधारण दोन अँपिअरपर्यंत ओढते आणि एकदा वेग धरला की त्याच्या निम्म्याहूनही कमी. बेअरिंग झिजलेलं असेल, आतलं वंगण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने खराब झालं असेल, तरी फिरताना काही जाणवत नाही, थांबून गार झाल्यावर मात्र मोटरला ते ओढवत नाही. फॅनचं तसंच, धूळ आणि सुकलेलं तेल घेऊन तो वर्षभर घरघरत फिरतो आणि थांबला की तिथेच बसतो.

पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हळूहळू सुकत जातात, तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं हा ठोकताळा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पाठ असतो. गरम असताना असा कपॅसिटर कसाबसा काम करतो, गार झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि नेमकं सुरू होतानाच सगळ्यात जास्त करंट लागतो. म्हणून सप्लाय चालू असताना ठणठणीत आणि बंद करून परत लावला की मेलेला. त्यात बोर्डवरचे सोल्डर जोड, ते गार होताना आक्रसतात, गरम होताना प्रसरण पावतात, बोर्ड वेगळ्या प्रमाणात आणि चिप वेगळ्या प्रमाणात, त्यामुळे आधीच केसाएवढी चीर गेलेला जोड याच वेळी सुटतो.

कधीकधी तर दोष कारखान्यातूनच आलेला असतो. इंटेलच्या ॲटम सी२००० चिपमध्ये २०१७ साली असाच प्रकार उघड झाला, घड्याळाचा सिग्नल बाहेर देणारा भाग काळानुसार क्षीण होत जायचा, आणि तो गेला की मशीन बूटच होत नसे. ही चिप कितीतरी राउटरमध्ये आणि सिनॉलॉजीसारख्या नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवायच्या) डब्यांत होती. सिस्कोने तेव्हा ग्राहकांना सांगितलं होतं की साधारण १८ महिने वापर झाल्यानंतर असे बिघाड वाढू लागतील आणि एकदा भाग गेला की ते यंत्र परत उभं राहणार नाही. म्हणजे तुमच्याकडचा डबा नेमका कुठल्या चिपवर चालतो ते बघून ठेवणं हा रिकामा उद्योग नाहीये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण एकत्र कालवतात. "रिस्टार्ट" तीन प्रकारचा असतो आणि तिघांचा धोका वेगवेगळा. पहिला म्हणजे नुसता रिबूट, यात पॉवर चालूच राहते, डिस्क सहसा फिरत्याच राहतात, तापमानही फारसं उतरत नाही, फक्त रॅम, कार्ड आणि कंट्रोलर नव्याने जागे होतात. दुसरा शटडाऊन, यात डिस्क आणि फॅन थांबतात, मशीन गार होतं, पण वायर लावलेली असल्यामुळे स्टँडबायचा करंट चालू राहतो. तिसरा म्हणजे वायरच काढणं, यात तोही जातो, आणि मग मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ सेलची खरी परीक्षा होते. तो ३ व्होल्टचा बटण-सेल कधीचाच संपलेला असू शकतो पण वायर लावलेली असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वायर काढली की बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग डिफॉल्टवर, डिस्कचा मोड रेडवरून दुसराच काहीतरी, बूटचा क्रम बदललेला आणि घड्याळ कुठल्यातरी जुन्या सालात, मग सर्टिफिकेट चालत नाहीत, डोमेनला लॉगिन होत नाही कारण लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला डिफॉल्ट पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही, आणि माणूस नेटवर्कमध्ये दोष शोधत बसतो. त्यामुळे काम नुसत्या रिबूटने भागत असेल तर उगाच बंद करू नका, आणि शटडाऊनने भागत असेल तर वायर काढू नका.

तयारी कशी करायची ते सांगतो. पहिलं अर्थातच बॅकअप, पण "बॅकअप जॉब सक्सेसफुल" असा मेल आला म्हणून समाधान मानू नका, तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून डेटाबेस उघडून आजची एखादी एंट्री दिसतेय का ते डोळ्यांनी बघा. हे झाल्याशिवाय मी स्वतः सर्व्हरला हात लावत नाही, कुणीही कितीही घाई करू दे.

मग कन्सोल. रिबूट केल्यावर मशीन नेटवर्कवर आलं नाही तर तुम्ही स्क्रीन कशी बघणार? आयलो किंवा आयड्रॅक (दुरून मशीनची स्क्रीन दाखवणारं रिमोट कार्ड) असेल तर आधीच लॉगिन करून बघा, पासवर्ड कुणाला माहीत नसतो हे नेहमीचंच, आणि जुन्या डब्यांचा रिमोट कन्सोल जावा ॲपलेटवर चालायचा, तो आजच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. हे रात्री अकरा वाजता कळण्यापेक्षा दुपारी तीनला कळलेलं बरं. रिमोट कार्डच अडकलेलं असेल तर आयपीएमआयटूल या कमांडने फक्त ते कार्ड रिसेट करता येतं, त्याने सर्व्हर सहसा बंद होत नाही. आणि काहीही झालं तरी एक मॉनिटर, व्हीजीएची केबल आणि यूएसबी कीबोर्ड रॅकजवळ ठेवा.

आता मशीनची तब्येत. रिमोट कार्डमधला इव्हेंट लॉग पूर्ण वाचा, मशीन वर्षभर तिथे तक्रारी लिहीत असतं आणि तो लॉग कुणी उघडलेला नसतो. त्यात करेक्टेबल मेमरी एररची रांग दिसली तर ती रॅमची पट्टी ईसीसीच्या (चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयीच्या) जिवावर तग धरून आहे असं समजा, बूट होताना बोर्ड प्रत्येक पट्टीचं टायमिंग नव्याने जुळवतो, ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि तिथे ती नापास होऊ शकते. डिस्क सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरची बॅटरी बघा, ती मेली असेल तर राइट कॅशे (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरणं) बंद होऊन सगळं हळू झालेलं असतं आणि लोकांना वाटतं सर्व्हर म्हातारा झालाय.

डिस्कसाठी स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे आकडे काढा, रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा), पेंडिंग सेक्टर (संशयित जागा), आणि स्पिन रिट्राय काउंट (फिरायला परत प्रयत्न करावा लागला तो आकडा), हा शेवटचा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कला आधीही सुरू होताना त्रास झालेला आहे, तिला मी बंद व्हायच्या आधीच, फिरती असतानाच बदलतो. पॉवर ऑन अवर्सही बघा, वर्षाचे ८,७६० तास धरून हिशेब करा. पण स्मार्ट स्वच्छ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, गुगलच्या लोकांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. त्याशिवाय फर्मवेअरचे (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामचे) बग असतात. एचपीई कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कळवलं होतं की त्यांच्या काही सास (सर्व्हरमध्ये लावतात त्या जातीच्या) एसएसडी ३२,७६८ तास पूर्ण झाले की कायमच्या बंद पडतात, डेटासकट, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच दिवशी लावलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार, तिथे रेड काय वाचवणार? म्हणून मॉडेल आणि फर्मवेअर नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या सूचनांमध्ये शोधा.

ज्याकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही ती गोष्ट म्हणजे बूट डिस्क. लिनक्स एकदा वर आलं की रोज लागणाऱ्या फाइली रॅममध्येच असतात, कर्नल ज्या सेक्टरमध्ये ठेवलाय ते सेक्टर तीन वर्षांत एकदाही वाचलेले नसतात. व्हर्च्युअल मशीन चालवणारं ईएसएक्सआय तर एसडी कार्डवरून बूट झालं की बराचसा कारभार मेमरीतूनच करतं, ते कार्ड मेलं तरी व्हर्च्युअल मशीन चालूच राहू शकतात आणि रिबूट केल्यावर कळतं की बूट व्हायला खाली काही शिल्लकच नाहीये. म्हणून बूट डिस्कवर स्मार्टची लाँग टेस्ट लावा, आणि डीडी या कमांडने अख्खी डिस्क नल डिव्हाइसवर (म्हणजे कुठेच न साठवता) वाचून काढा, एकही रीड एरर येता कामा नये (डीडी लिहिताना इनपुट-आउटपुट तीनदा तपासा, उलटं झालं तर तुम्हीच डिस्क पुसाल). रेडवर आधी एक पूर्ण स्क्रब किंवा पॅट्रोल रीड (सगळ्या डिस्क वाचून तपासणं) होऊ द्या, वेळ लागतो, रात्रभर लागू दे.

दोन पॉवर सप्लाय असतील तर मागे जाऊन दोन्हींचे दिवे प्रत्यक्ष बघा. एक कधीचाच गेलेला असतो, दुसरा एकटा ओढत असतो आणि सुरू होतानाचा लोड त्याला झेपत नाही. आणि जाता जाता त्या मजल्यावरच्या वॉचमनकाकांना विचारा, रात्री खोलीतून काही आवाज येतो का. मला एकदा एका काकांनी सांगितलं होतं, "साहेब, दोन महिने झाले, पहाटे किर्रर्र करतंय काहीतरी", तो फॅन होता, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरने तो दाखवला नव्हता.

सगळ्या केबलचे आणि डिस्कचे फोटो काढा, डिस्कवर स्लॉट नंबरची चिकटपट्टी लावा. चालू सर्व्हिसेस, राउट (नेटवर्कचे मार्ग), फायरवॉलचे नियम, माउंट केलेल्या जागा, रॅम किती दिसतेय, प्रोसेसर किती, हे सगळं एका फाइलमध्ये काढून ती फाइल दुसरीकडे ठेवा, कारण तीन वर्षांत कुणीतरी हाताने टाकलेला राउट कुठेच सेव्ह केलेला नसतो आणि मग हार्डवेअर गेलं की कॉन्फिग गेलं हेच ओळखता येत नाही.

वेळेबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सगळे शनिवारी रात्री किंवा रविवारी करतात, लोकांना त्रास नको म्हणून. पण रविवारी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची बहुतेक कॉम्प्युटरची दुकानं बंद असतात, कंपनीचा इंजिनिअर फोन उचलत नाही, आणि तुम्ही एका पॉवर सप्लायसाठी सोमवारपर्यंत हात बांधून बसता. त्यापेक्षा शनिवारी सकाळी लवकर सुरू करा, माणसं कमी असतात आणि अकराला दुकानं उघडतात. जवळ निदान एक तशीच डिस्क, एक सप्लाय, एक रॅमची पट्टी आणि दोन सीआर२०३२ ठेवा. तो सेल पन्नासेक रुपयांत मिळतो आणि मशीन उघडलंच असेल तर बदलूनच टाका.

आता प्रत्यक्ष काम, आणि हा नियम माझ्या मते बाकी सगळ्याच्या वरचा. आधी काहीही न बदलता नुसता एक रिबूट करा. पॅच नाही, फर्मवेअर नाही, नवीन रॅम नाही, काही नाही. वर आलं, सगळं नीट दिसलं, की मग बदल करा आणि परत रिबूट करा. पॅच टाकून पहिल्यांदाच रिबूट केला आणि मशीन उठलं नाही तर दोष पॅचचा, की तीन वर्षांपासून दबा धरून बसलेल्या रॅमचा, की कुणाच्या तरी जुन्या एफएसटॅबमधल्या (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीतल्या) चुकीचा, हे तुम्ही रात्रभर शोधत बसाल, आणि वर सगळे तुम्हालाच म्हणतील की तू हात लावलास म्हणून बिघडलं. मशीन हलवायचं असेल तरी हेच, आधी रिबूट, तो पास झाला की जागेवरच शटडाऊन करून अर्धा तास गार होऊ द्या आणि तिथेच परत चालू करा, तेही जमलं की मग उचला. पतसंस्थेत मी एवढं केलं असतं तरी डिस्क गेल्याच असत्या, पण दोन एकदम जायच्या ऐवजी कदाचित एक-एक करून सापडल्या असत्या.

बंद करताना आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग सर्व्हर, शेवटी स्टोरेज. चालू करताना उलटं, आधी स्विच आणि स्टोरेजचा डबा, त्याच्या डिस्क पूर्ण वेगात येऊ द्या, मग सर्व्हर. उलट झालं तर कंट्रोलरला अर्ध्याच डिस्क दिसतात आणि तो ॲरे तुटला म्हणून जाहीर करतो.

बटण दाबलं की धीर धरा, भरपूर रॅम असलेला सर्व्हर पोस्ट (सुरुवातीची स्वतःची तपासणी) पूर्ण करायला पाच-दहा मिनिटं सहज घेतो, स्क्रीन काळी दिसली म्हणून परत बटण दाबू नका. स्क्रीनवर जे येईल त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, एररची ओळ एका सेकंदात निघून जाते. आणि रेड कंट्रोलरने "फॉरेन कॉन्फिगरेशन" (म्हणजे या डिस्कवरची मांडणी माझी वाटत नाही) असं काही विचारलं तर क्लिअर किंवा इनिशिअलाइज कधीही दाबू नका, कितीही मोह झाला तरी. थांबा, कुठली डिस्क कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते फोटोशी ताडून बघा, इम्पोर्टचा प्रिव्ह्यू बघा, शंका असेल तर जाणकाराला फोन करा. कितीतरी लोकांचा डेटा हार्डवेअरमुळे जात नाही, या एका बटणामुळे जातो.

मशीन अजिबातच उठलं नाही तर वायर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, परत लावा. मग दुसरा सप्लाय एकटा लावून बघा. मग कमीत कमी सामान ठेवा, एक प्रोसेसर, एक रॅमची पट्टी, बाकी कार्ड बाहेर, आणि एकेक वाढवत जा, रॅम काढून परत घट्ट बसवल्यावर उठलेली मशीन मी बरीच पाहिलीयेत, विशेषतः कोकणातल्या खाऱ्या हवेत जिथे पट्टीच्या टोकांवर थर धरतो. डिस्क फिरत नसेल तर एकदा-दोनदा प्रयत्न करा, त्याच्या पुढे नाही. फ्रीजरमध्ये ठेवणं, हातोडीच्या दांड्याने ठोकणं हे सल्ले देणारे भेटतील, पण त्या डिस्कवर ज्याची एकुलती एक प्रत आहे असा डेटा असेल तर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. पावसाळ्यात एसी खोलीतून बाहेर काढलेलं मशीन दुसरीकडे नेऊन लगेच चालू करू नका, गार पत्र्यावर बाहेरचा दमटपणा दव होऊन बसतो, काही तास तसंच राहू द्या.

वर आल्यावर आधी काढलेली फाइल आणि आताची स्थिती शेजारी-शेजारी ठेवून ताडा. ६४ जीबीच्या जागी ४८ दिसणं किंवा चारपैकी तीनच नेटवर्क पोर्ट दिसणं हे लॉगिन झाल्याच्या आनंदात सुटून जातं. पुढचे दोन दिवस लॉग रोज बघा.

हे सगळं झालं ठरवून केलेल्या रिस्टार्टचं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूची वीज एकदम गेली तेव्हा कुणी विचारलं नव्हतं तुमची तयारी झालीये का म्हणून. यूपीएस संपले आणि वर्षानुवर्षं न थांबलेली मशीन एका झटक्यात गार झाली. आणि वीज परत आली की सगळे सर्व्हर एकदम उठतात, सगळ्या डिस्क एकदम करंट ओढतात आणि एमसीबी पडतो, परत अंधार. म्हणून बायोसमध्ये वीज आल्यावर काय करायचं ती सेटिंग आत्ताच बघून घ्या, एकतर बंदच राहू दे आणि तुम्ही क्रमाने चालू करा, नाहीतर प्रत्येकाला वेगवेगळा डिले द्या. रेड कंट्रोलरमध्ये स्टॅगर्ड स्पिन-अप असेल तर तेही चालू करा, डिस्क एकेक करून सुरू होतात.

आणि मोठा अपटाइम मिरवायची सवय सोडा असं मी कळकळीने सांगतो. एएमडीच्या एपिक ७००२ प्रोसेसरमध्ये शेवटच्या रिसेटनंतर साधारण १,०४४ दिवसांनी एखादा कोअर झोपेतून उठतच नाही, हे कंपनीनेच लिहिलंय आणि उपाय म्हणून त्याआधी रिबूट करा किंवा ती झोप बंद ठेवा असं सांगितलंय. आमच्याकडे आता वर्षातून दोनदा ठरवून रिबूट असतो आणि त्यातला एक पूर्ण शटडाऊनचा, खंडेनवमीच्या आधीच्या शनिवारी. पावसाचा दमटपणा सरलेला असतो, दिवाळीची सुट्टी लागायची असते, दुकानं उघडी असतात, आणि पूजेसाठी खोली झाडायचीच असते तर त्याच दिवशी फॅनमधली धूळ काढतो, सेल बदलायचा असेल तर बदलतो आणि रॅकच्या दारावर आतून चिकटवलेल्या कागदावर तारीख, कोण होतं आणि कुठला भाग गेला ते पेनाने लिहितो. मागच्या वर्षीच्या ओळीत एक फॅन आणि एक डिस्क आहे, दोन्ही त्याच दुपारी बदलले.